लाकडी होडीस फायबरग्लासचे आवरण

खाऱ्या पाण्यातील किडे होडीचा तळ पोखरतात. त्यांपासून रक्षण व्हावे म्हणून काजूच्या टरफलांचे तेल लावण्याची पद्धत जुनी आहे. फायबरग्लासचे आवरण अधिक टिकते. मात्र तेलकट वा ओलसर लाकडास ते धरत नाही आणि आत कोंडलेल्या ओलाव्याने फळ्या नकळत कुजतात. म्हणून घरी बांधलेल्या शिडाच्या होडीस तेल लावण्यापूर्वीच हे काम करावे. लाकूड सावलीत पूर्ण वाळवावे. ओलावा १५ टक्क्यांहून कमी असावा. काचकागदाने घासून भेगा बुजवाव्यात, कडा गोलसर कराव्यात. रेझिनचा हात देऊन काचकापड अंथरावे व रुळाने बुडबुडे काढावेत. पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी रेझिन लाकडास घट्ट धरते. पुढे आवरणास चीर पडल्यास लाकूड वाळवून ती त्वरित बुजवावी. किडा तेथूनच शिरतो.