वडापावचा दिवस

अगं, काल फोनवर 'दुपारी काय खाल्लंस?' विचारल्यावर तू गप्प झालीस, तेव्हाच कळलं. वडापाव ना? घाबरू नकोस, आईला नाही सांगत. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तरी काय करत होते? आठवड्यातले चार दिवस ऑफिसखालच्या गाडीवर.

वड्यात विष नसतं गं. बटाटा, लसूण, बेसन, सगळं घरचंच. पण बटाटा, वर मैद्याचा पाव आणि तळणीचं तेल एवढ्यावर भूक टिकत नाही. डाळ म्हणावी तर बेसनाचा तो पातळ थर, आणि भाजी म्हणशील तर तळलेली मिरची! म्हणून दोन खाऊनही चार वाजता बिस्किटाच्या पुड्याकडे हात जातो. तेव्हा एकच घे आणि पर्समध्ये मूठभर फुटाणे, एक काकडी नाहीतर पेरू ठेव. वर ग्लासभर ताक. गाडीवाल्या दादांना म्हणावं, वर्तमानपत्रात नको, साध्या कागदात द्या. छपाईची शाई तेलात उतरते, आणि अन्न वर्तमानपत्रात बांधायला कायद्यानेच मनाई आहे.

मिसळ मिळत असेल तर मी आधी मिसळच घेईन. मोड आलेली मटकी असते त्यात, चांगली पोटभरीची. फक्त 'तर्री कमी, फरसाण वेगळं' असं सांगायला लाजू नकोस. वेगळ्या वाटीतलं फरसाण निम्मं उरतं, माझा अनुभव आहे. आणि तिसरा पाव मागण्यापेक्षा उसळ वाढवून घे.

बर्गर खायचा तर खुशाल खा, पण कॉम्बोच्या नादी लागू नकोस. ३०० मिली कोलात तीस ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये अख्ख्या दिवसासाठी सांगितलेली मर्यादा २५ ग्रॅमच्या आसपास आहे. मी एकदा असाच कॉम्बो रिचवून अडीचच्या मीटिंगला बसले आणि साहेबांसमोर डुलकी लागली. वहीवर पेनाची रेघ तिरकी होत थेट पानाबाहेर गेली. ते पान अजून जपून ठेवलंय.

एक मात्र करू नकोस. दुपारी वडा झाला म्हणून रात्री उपाशी झोपायचं, हे माझं जुनं प्रायश्चित्त. सकाळी उठल्यावर अशी खवखव सुटायची की पुन्हा गाडीच गाठायचे! त्यापेक्षा रात्री ज्वारीची भाकरी, घट्ट वरण आणि एखादी पालेभाजी कर. लोणचं-पापड त्या दिवशी राहू दे, मीठ दुपारी भरपूर झालेलं असतं.

आठवड्यातून एक-दोन दुपारी बाहेर, बाकी डबा. आणि तो वार आधीच ठरवून टाक, मैत्रिणींबरोबर. रविवारी येतेस ना? मटकी भिजत घालते, सोमवारच्या डब्याला घेऊन जा.