रुमाल खरा, अर्थ खोटा

शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये ‘झुंजारराव’ या नावाने मराठीत आणले. सुप्याच्या या विद्यालयात आपण ते अभ्यासतो, ते एका प्रश्नासाठी: शूर, उदार सेनापती फसतो कसा?

रुमाल इयागोनेच कॅसिओच्या खोलीत टाकलेला असतो. पण तो डेस्डेमोनाचा, हे खरेच असते. कॅसिओचे हसणेही खरे. मात्र ते दुसऱ्याच स्त्रीविषयी असते आणि आडून पाहणाऱ्या ऑथेल्लोला ते शब्द ऐकू येत नाहीत. डोळ्यांना दिसते ते सत्य. त्याचा अर्थ तेवढा इयागोचा. तो अर्थ पटतो, कारण काळ्या वर्णाविषयीचा व्हेनिसचा तिरस्कार ऑथेल्लोच्या स्वतःच्याच मनात उतरलेला असतो.

तथागतांनी कालामांना उपदेश केला, की ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, किंबहुना केवळ तर्काला जुळते म्हणूनही काही स्वीकारू नये. लोभ, द्वेष व मोह यांतून काय निपजते ते स्वतः जाणावे. ऑथेल्लो निर्णय आधी करतो, चौकशी मागाहून. म्हणून एमिलियाची खरी साक्षही व्यर्थ जाते.

इतरांविषयीची कुजबुज आपण पारखावीच. परंतु आपल्याला हीन ठरवणारे मत सर्वांत आधी पारखावे. इयागोला प्रवेश मिळतो तो त्याच दाराने.