मोठ्या तलावांतील हिवाळी मासेमारी : अमेरिकेंतील पट्टेरी बास

शेतकऱ्यास जमिनीवरील पिकाचा हंगाम जसा कळतो तसा पाण्यांतील पिकाचाही कळावा, ह्या हेतूनें आम्ही आज एका परदेशी माशाची हकीकत वाचकांपुढें मांडीत आहों. हा मासा आपल्याकडे आणावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. परंतु धरणाच्या सांचलेल्या पाण्यांत मासा कोठून येतो, थंडींत तो कसा वागतो, आणि किती काढला असतां टिकतो, ह्या तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें त्याच्या हकीकतींत एकत्र सांपडतात. ज्यांच्या शिवारांत तळें अगर शेततळें आहे त्यांस तीं उपयोगीं पडतील.

माशाची ओळख

इंग्रजींत ह्यास स्ट्राइप्ड बास म्हणतात. अंग रुपेरी, आणि दोन्ही कुशींवर कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा. म्हणून आपण त्यास पट्टेरी बास म्हणूं. त्याची मूळ वस्ती उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यास आहे. तो समुद्रांत राहतो व वसंत ऋतूंत नद्यांत चढून अंडीं घालतो. लहान मासे गिळणें हाच त्याचा चरितार्थ होय.

समुद्रावांचूनही हा मासा सबंध आयुष्य काढूं शकतो, हें दक्षिण कॅरोलायना राज्यांत दिसून आलें. तेथें १९४१-४२ च्या सुमारास सँटी व कूपर ह्या नद्यांवरील योजनेनें मॅरियन व मोल्ट्री हे दोन तलाव झाले. त्यांत राहिलेले बास मेले तर नाहींतच, उलट त्यांची तेथेंच वीण होऊं लागली. पुढें इतर राज्यांनींही आपापल्या तलावांत तो सोडिला.

टेक्सोमा तलाव

ह्यांपैकीं एक टेक्सोमा होय. टेक्सास व ओक्लाहोमा ह्या राज्यांच्या सीमेवर रेड नदीस डेनिसन धरण घातलें, तें १९४४ सालीं पुरें झालें. वाशिटा नदीही ह्याच तलावास मिळते. पाण्याचा विस्तार सुमारें ८९,००० एकर, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याएवढा आहे. १९६५ पासून येथें पट्टेरी बास सोडण्यास आरंभ झाला. एवढ्या विस्तारांत मासा शोधावयाचा तर त्याचा स्वभावच जाणला पाहिजे.

हिवाळ्यांतील वागणूक

माशाचें रक्त सभोंवतालच्या पाण्याइतकेंच थंड असतें. पाणी थंड झालें म्हणजे त्याची पचनक्रिया मंदावते, भूक कमी होते, व भक्ष्यामागें दूरवर धांवण्याचें तो टाळतो. तथापि तो उपाशी राहत नाहीं. शॅड नांवाचा लहान, चपटा, रुपेरी मासा हें त्याचें मुख्य अन्न. शॅडचे थवे जेथें जातील तेथें बास जातो. शॅडची एक जात थंडी सोसत नाहीं. पाण्याचें उष्णमान सात अंश सेल्सियसच्या खालीं उतरूं लागलें कीं तो शॅड निपचित पडतो व पुष्कळ मरतो. असें आयतें अन्न मिळालें म्हणजे सुस्त बासही तोंड उघडतो.

म्हणून जाणता मासेमार बासाचा शोध न घेतां शॅडचा शोध घेतो. त्याची मुख्य खूण कुरव पक्ष्यांची. पाण्यावर कुरव घिरट्या घालून सूर मारूं लागले कीं खालून बासांनीं शॅडचा थवा वर रेटला आहे असें समजावें. पक्षी दिसत नसतील तर बुडालेल्या नदीचें जुनें पात्र व त्याच्या कडा शोधतात. धरण झालें तरी नदीचें पात्र तळाशीं तसेंच खोल राहतें, आणि थंडींत मासा पुष्कळदां त्याच्या आश्रयानें असतो. ध्वनिलहरींनीं खोली व मासे दाखविणारें यंत्र आतां बहुतेक होड्यांवर असतें. परंतु यंत्र पडद्यावर मासा दाखवितें, त्याची भूक दाखवीत नाहीं.

पकडण्याची रीत

ह्या दिवसांत गळास शिशाचें डोकें व त्यामागें शॅडच्या आकाराची मऊ रबरी शेपटी लावितात, अथवा जिवंत शॅड लावितात. आमिष माशाच्या थरापर्यंत जाऊं द्यावें, आणि अगदीं सावकाश ओढावें. उन्हाळ्यांतील घाई येथें चालत नाहीं. सुस्त माशाचा झटका हलका असतो; दोरा किंचित् जड वाटला तरी सावध व्हावें.

दोन इशारे ह्यासंबंधीं महत्त्वाचे आहेत. पहिला जिवाचा. विस्तीर्ण तलावावर वारा सुटला कीं थोड्या वेळांत लाटा उठतात, आणि थंड पाण्यांत पडलेल्या मनुष्याचे हातपाय लवकरच काम देईनासे होतात. म्हणून अंगांत तरंगतें जाकीट घातल्यावांचून होडींत बसूं नये. दुसरा माशाचा. खोल पाण्यांतून झपाट्यानें वर ओढलेल्या माशाच्या पोटांतील हवेची पिशवी फुगते. तो सोडून दिला तरी जगेलच असें नाहीं. उन्हाळ्यांत वरचें पाणी तापलेलें व खालच्या पाण्यांत प्राणवायु कमी, त्यामुळें सोडलेले मासे फार मरतात. हिवाळ्यांत कमी मरतात. तरीही आपला वांटा पुरा होतांच गळ गुंडाळणें हेंच शहाणपणाचें.

बियाण्याचा प्रश्न

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. बासाचीं अंडीं वाहत्या पाण्यांत सुमारें दोन दिवस तरंगत राहिलीं तरच फुटतात. प्रवाह संपून तीं तळच्या गाळांत बसलीं कीं मरतात. टेक्सोमास रेड व वाशिटा ह्या नद्यांचे लांब प्रवाह मिळतात, म्हणून तेथें मासा आपला आपण वाढतो. असे तलाव थोडे. बहुतेक तलावांत मोठा मासा सुखानें राहतो, परंतु त्याची संतति होत नाहीं. तेथें सरकारी केंद्रांतून पिल्लें आणून पुनःपुन्हां सोडावीं लागतात. संप्रेरक टोंचून बासाचीं अंडीं काढण्याची रीत १९६० नंतरच्या दशकांत दक्षिण कॅरोलायनांतील मंक्स कॉर्नर येथील केंद्रांत बसविली गेली, तेव्हांपासून हें काम सुलभ झालें.

जेथें वीण आपोआप होते त्या टेक्सोमावरही मोकळीक नाहीं. माणशीं रोज १० मासे, आणि त्यांत २० इंच वा त्याहून मोठे दोनच, असा नियम तेथें पुष्कळ वर्षें चालत आला आहे. मोठी मादी म्हणजे बियाण्याची कणगी, हें त्याचें कारण.

आपणांस बोध

आपल्या कटला, रोहू, मृगळ ह्या माशांचीही गोष्ट अशीच आहे. तळ्यांत ते वाढतात, पण सांचलेल्या पाण्यांत विणत नाहींत. त्यांस पावसाळ्यांतील नदीचा पूर लागतो. १० जुलै १९५७ रोजीं डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनीं पीयूष ग्रंथीचा अर्क टोंचून ह्या वर्गांतील माशांकडून अंडीं घालविलीं. आज शेततळ्यांत सोडण्यास बोटुकली मिळते ती त्याच विद्येमुळें.

आम्ही नोकरींत असतां गांवतळ्यांच्या लिलांवाचे कागद पुष्कळ पाहिले. बोली किती झाली हें त्यांत बिनचूक असे. बीज किती सोडलें व मासा किती निघाला, ह्याची नोंद क्वचितच. आणेवारी उभ्या पिकावरून ठरते. पुढील सालचें बियाणें कोठारांत आहे कीं नाहीं, हें तीवरून कळत नाहीं. भरल्या जाळ्याचेंही तसेंच आहे.

तरी वाचकांनीं तीन गोष्टी कराव्या. पहिली, तळ्याची वही ठेवावी व तींत सोडलेली बोटुकली आणि काढलेला मासा, दोन्ही लिहावीं. दुसरी, थंडींत मासे कमी खातात हें ध्यानांत घेऊन खाद्य कमी करावें. उरलेलें खाद्य कुजून पाणी नासतें. तिसरी, बासासारखा मासे खाणारा परका मासा कोणी आणून दिला तरी तळ्यांत सोडूं नये. एवढें केलें तर तळें हेंही शेतच आहे, आणि बियाणें राखल्याशिवाय कोणतेंच शेत दुसऱ्या वर्षीं पिकत नाहीं, हें अनुभवास येईल.