प्रकल्प व्यवस्थापनातील मर्यादा सिद्धांत : बेंगळुरू मेट्रोचा अभ्यास

साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीइतकीच असते. हेच तत्त्व इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ एलियाहू गोल्डरॅट यांनी 1984 मध्ये ‘द गोल’ या पुस्तकातून उद्योग व्यवस्थापनात मांडले. ‘थिअरी ऑफ कन्स्ट्रेन्ट्स’ अर्थात मर्यादा सिद्धांत या नावाने ते ओळखले जाते. कोणत्याही व्यवस्थेची गती एखाद-दुसऱ्या घटकाने रोखलेली असते. इतरत्र केलेल्या सुधारणेने एकूण फलनिष्पत्ती वाढत नाही, हे त्याचे सार होय.

या सिद्धांताच्या पाच पायऱ्या आहेत : मर्यादा ओळखणे, तिचा पुरेपूर वापर करणे, इतर सर्व कामे तिच्याशी जुळवून घेणे, तिची क्षमता वाढविणे आणि ती दूर होताच नव्या मर्यादेचा शोध घेणे.

बेंगळुरू मेट्रोचा पिवळा मार्ग हे याचे बोलके उदाहरण आहे. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्र हा सुमारे 19 किलोमीटरचा, 16 स्थानकांचा मार्ग सिल्क बोर्ड चौक व इलेक्ट्रॉनिक्स सिटीतून जातो. रुळ व स्थानकांची कामे जवळपास पूर्ण होऊनही मार्ग सुरू होईना, कारण गाड्या नव्हत्या. डब्यांचे कंत्राट 2019 मध्ये एका चिनी कंपनीस देण्यात आले होते. परंतु भारतात उत्पादनाची व्यवस्था उभी राहण्यास विलंब झाला. परिणामी मोठे भांडवल अडकून पडले आणि प्रवाशांना वाहतूक कोंडीतूनच मार्ग काढावा लागला.

अखेर 10 ऑगस्ट 2025 रोजी केवळ तीन गाड्यांनिशी या मार्गाचे उद्घाटन झाले. दोन गाड्यांमधील अंतर 25 मिनिटे ठेवण्यात आले. याचा अर्थ, एका गाडीची पूर्ण फेरी सुमारे 75 मिनिटांची होते. त्यामुळे पाच गाड्या मिळाल्यास हे अंतर 15 मिनिटांवर येते. स्थानके कितीही सुसज्ज केली तरी ते कमी होत नाही. उपलब्ध गाड्यांचा वापर ही दुसरी पायरी, त्यांच्या संख्येनुसार आखलेले वेळापत्रक ही तिसरी, तर पश्चिम बंगालमधील कारखान्यातून नव्या गाड्या मिळविणे ही चौथी पायरी म्हणता येईल.

गोल्डरॅट यांनी 1997 मध्ये ‘क्रिटिकल चेन’ या पुस्तकात हाच विचार प्रकल्पांच्या वेळापत्रकास लागू केला. प्रत्येक विभाग आपल्या कामात सुरक्षिततेसाठी जादा दिवस धरतो. पण परीक्षा जवळ आल्यावरच अभ्यासास बसणाऱ्या विद्यार्थ्याप्रमाणे ते दिवस आरंभीच वाया जातात. समजा, एकापाठोपाठ एक अशा चार कामांना प्रत्येकी 10 दिवस दिले असून त्यांतील 5 दिवस जादा आहेत. कामांना 5 दिवसच देऊन 10 दिवसांची एकत्रित राखीव मुदत शेवटी ठेवल्यास 40 दिवसांचा प्रकल्प 30 दिवसांत बसतो. प्रचलित ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत मुख्यतः कामांचा क्रम पाहते. ‘क्रिटिकल चेन’ त्यासोबत मनुष्यबळ व यंत्रसामग्रीची उपलब्धताही विचारात घेते.

अर्थात, मर्यादा नेहमी यंत्राचीच असते असे नाही. भूसंपादन, परवानग्या, पुरवठादाराची निवड वा कंत्राटातील अटी हीदेखील मर्यादा ठरू शकते. म्हणूनच किती टक्के काम पूर्ण झाले, या प्रश्नापेक्षा कोणत्या घटकामुळे सेवा अडली आहे, हा प्रश्न प्रकल्पाच्या आढाव्यात अधिक महत्त्वाचा ठरतो. नागरिकांच्या दृष्टीने 95 टक्के पूर्ण झालेला, परंतु गाडी नसलेला मेट्रोमार्ग शून्यवतच असतो.