बाराखडी, वीस घरं आणि जपानी मारामारी

हा लेख एका व्हिडिओ गेमवर आहे. सर लोकांनी लगेच पान उलटू नये. पुढे सममितीसारखं एक प्रूफ आहे, थोडं भाषाशास्त्रही आहे.

गेमचं नाव 'जम्प अल्टिमेट स्टार्स'. जपानमध्ये 23 नोव्हेंबर 2006 ला निन्तेंदो डीएस या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी तो आला. त्याच्या आधीचा भाऊ 'जम्प सुपर स्टार्स', 8 ऑगस्ट 2005 चा. दोन्ही गान्बारियन या कंपनीने बनवले आणि निन्तेंदोने विकले. जपानबाहेर ते कधीच अधिकृतपणे आले नाहीत. आमच्या विंगमध्ये आलेली कॅसेट (कार्ड म्हणा, पण आम्ही कॅसेटच म्हणतो) माझ्या मावसभावाने तिकडून सेकंडहँड आणली, सोबत एक झिजलेला डीएस लाइट. डीएसच्या या कार्डांना देशाचं कुलूप नसतं, म्हणून कुठलंही कार्ड कुठल्याही डीएसवर चालतं. नंतरच्या थ्रीडीएसवरही ही कार्डं चालतात.

'जम्प' म्हणजे 'शोनेन जम्प', शुएइशा प्रकाशनाचं जपानी चित्रकथांचं साप्ताहिक. 1968 ला सुरू झालं, 1969 पासून साप्ताहिक झालं, आणि 1995 च्या सुरुवातीच्या एका अंकाचा खप 65 लाख 30 हजारांवर गेला. एका अंकाचा! ड्रॅगन बॉल, नारुतो, वन पीस, ब्लीच हे सगळं याच मासिकातलं. अल्टिमेट स्टार्समध्ये अशा 41 मालिकांची 300 हून जास्त पात्रं एकत्र येऊन एकमेकांना बडवतात. बाहेर का आला नाही, हे समजायला फार डोकं लागत नाही. 41 मालिका, आणि परदेशात त्यांचे हक्क वेगवेगळ्या हातांत. पुढे 2019 ला 'जम्प फोर्स' जगभर आला खरा, पण फेब्रुवारी 2022 मध्ये त्याची डिजिटल विक्री बंद झाली. अल्टिमेट स्टार्समध्ये इंटरनेटवरून खेळायची सोय होती, ती सेवाही निन्तेंदोने मे 2014 मध्ये थांबवली. म्हणजे आज हा गेम खेळायचा तर कार्ड हातात हवं, शेजारी दुसरा डीएसवाला हवा, आणि जपानी वाचता यायला हवं.

खरी अडचण तिसरी. मेनू जपानी, मिशन जपानी, कोण कुणाला काय म्हणतंय तेही जपानी. पहिले काही दिवस आमच्या विंगमधले सगळे नुसती बटणं बडवत होते. मग मी कॉरिडॉरच्या भिंतीवर कातकाना लिपीचा तक्ता चिकटवला. जपानीत कांजी, हिरागाना आणि कातकाना अशा तीन लिप्या मिसळून लिहितात. परदेशी शब्द आणि बरीचशी नावं कातकानात असतात. मूळ अक्षरं फक्त 46.

आता गंमत बघा. या तक्त्याचा क्रम असा: स्वर अ, इ, उ, ए, ओ. व्यंजनांच्या ओळी क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचं वाटलं? वाटणारच, कारण तो आपल्याकडूनच गेलाय. बौद्ध भिक्षू आणि विद्वान संस्कृत मंत्र वाचण्यासाठी सिद्धम् लिपी शिकत. त्या अभ्यासातून वर्णमालेचा क्रम जपानी अक्षरांना मिळाला. आपले दीर्घ स्वर गाळा, अ इ उ ए ओ उरतात. 'क' कंठातला, 'त' दातांचा आणि लगेच त्याचं अनुनासिक 'न'. मग ओठांचा, आणि त्याचं अनुनासिक 'म'. पण ओठांच्या जागी 'ह' कसा काय बसला? कारण प्राचीन जपानीत तो 'प' होता. याची साक्ष लिपीतच आहे. अक्षराच्या डोक्यावर दोन छोट्या रेघा मारल्या की 'क' चा 'ग' होतो, 'त' चा 'द' होतो, आणि 'ह' चा होतो चक्क 'ब'. छोटं वर्तुळ काढलं तर 'प'. 'स' च्या ओळीचंही तसंच. तो 'च' च्या जागी बसलाय, कारण जुना उच्चार तिकडचा असल्याचं मानतात.

आणि एक गोष्ट खास मराठी माणसासाठी. त्सुनामीतला 'त्सु' म्हणताना इतर लोक अडखळतात. आपल्याला काही करायचंच नाही, चमच्यातला 'च' घ्या आणि त्याला उकार द्या. दोन रेघा मारलेल्या 'स' साठी जहाजातला 'ज' आपल्याकडे तयार आहे. 'ल' मात्र नाही, म्हणून वन पीसचा लुफी तिकडे 'रुफी' होतो.

माझा रूममेट नांदेडकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. फर्स्ट इयरला इंग्रजी व्हायव्हात त्याचे पाय लटपटायचे, आणि विंगमधले काही महाभाग त्यावरून त्याला छळायचे. तक्ता लागल्यावर चौथ्या दिवशी कार्डावरचं नाव त्यानेच पहिल्यांदा वाचलं: ज्याम्पु आरुतिमेत्तो सुताज़ु. मोठ्याने वाचा, इंग्रजी नाव ऐकू येईल. कॉन्व्हेंटवाले अजून स्पेलिंगच्या हिशेबाने इंग्रजी अक्षरं शोधत होते, कारण त्यांच्या डोक्यात ए बी सी डी. याच्या डोक्यात बाराखडी. अक्षर म्हणजे व्यंजन अधिक स्वर, ही कल्पना त्याला पाचव्या वर्षी मिळालेली. त्या संध्याकाळपासून मिशन वाचून दाखवायला सगळे त्याच्या कॉटवर येऊन बसायला लागले. पुढे त्याने जपानी भाषेच्या एन-5 परीक्षेचा फॉर्म भरला. पुण्यात केंद्र असतं, ज्यांना करायचंय त्यांनी त्याला भेटा.

(जाता जाता: ड्रॅगन बॉलचा सोन गोकू हे नाव 'सुन वुकोंग'चा जपानी उच्चार. हा त्या चिनी कथेतला वानर, जो एका भिक्षूबरोबर ग्रंथ आणायला भारताकडे निघतो. कथेतल्या भिक्षूमागचा खरा माणूस ह्युएन त्संग, जो दुसऱ्या पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला. गोकूच्या नावातल्या 'कू' या चिन्हाचा एक अर्थ शून्य. जग लहान आहे.)

आता गेमकडे. डीएसला दोन पडदे. वर मारामारी चालते, खालचा पडदा काडीने किंवा बोटाने दाबायचा, आणि तिथे असतो तुमचा संच. तो म्हणजे 4 बाय 5 ची जाळी, एकूण 20 घरं. त्यात 'कोमा' बसवायचे. कोमा म्हणजे बेशुद्धी नव्हे, चित्रकथेतली चौकट. प्रत्येक कोमावर मूळ मासिकातल्या चित्राचा तुकडा आहे. 1 घराचा असेल तर मदतनीस, शेजारच्या लढवय्याला काहीतरी फायदा देतो. 2 किंवा 3 घरांचा साथीदार, त्याच्यावर टिचकी मारली की तो क्षणभर येऊन एक फटका मारून जातो. 4 ते 8 घरांचा खरा लढवय्या. घरं जितकी जास्त, तितका तो दणकट. संचात तिन्ही प्रकारचा किमान एक हवाच. याशिवाय पात्रांचे तीन स्वभाव, शक्ती, बुद्धी आणि हास्य, दगड-कागद-कात्रीसारखे एकावर एक मात करणारे. हसणं हे हत्यार असलेला गेम मी तरी दुसरा पाहिला नाही. भिंत फोडून प्रतिस्पर्ध्याला बाहेर फेकायचीही सोय आहे, आणि ती सगळ्यांनाच लवकर सापडते.

लोक चुकतात ते संचात. सगळ्यांना 8 घरांचे पैलवान हवे असतात. हिशेब करा: दोन पैलवान 16, एक साथीदार 2, एक मदतनीस 1, झाले 19. उरलं 1 घर. एक मेला की निम्मा संच गेला. उलट 4 घरांचे लढवय्ये घेतले तर 4 बसतात, 16 अधिक 3, पुन्हा 19. पाचवा कधीच बसत नाही, कारण 5 गुणिले 4 बरोबर 20, आणि साथीदार-मदतनिसाला जागाच उरत नाही. माझं मत मधल्या मार्गाला: एक 6 चा, एक 5 चा, एक 4 चा, म्हणजे 15. उरलेल्या 5 घरांत 2 चा एक साथीदार आणि तीन मदतनीस, लढवय्यांना चिकटवून.

पण घरांची बेरीज जुळली म्हणून आकार बसतीलच असं नाही. चित्र उलटं करता येत नाही, कोमा फिरवता येत नाही. एकदा विंगमध्ये वाद झाला. नियम बाजूला ठेवा, 4 घरांचे पाच वेगवेगळे आकार (सरळ पट्टी, चौरस, एल, झेड आणि टी) एकेक घेऊन 20 घरं भरता येतील का? फिरवायलाही परवानगी. एकाने रात्री दोनपर्यंत कागदाचे तुकडे फिरवले. उत्तर आहे: नाही, आणि त्याला तुकडे लागत नाहीत.

जाळी बुद्धिबळाच्या पटासारखी रंगवा. 10 पांढरी, 10 काळी. पट्टी, चौरस, एल, झेड कसेही ठेवा, प्रत्येक जण 2 पांढरी आणि 2 काळी झाकतो. टी मात्र एका रंगाची 3 आणि दुसऱ्याची 1. बेरीज 11 आणि 9. पट 10-10 चा आहे. संपलं.

हे प्रत्यक्ष खेळताना कामाला येतं. पूर्ण भरलेल्या संचात एक टी असेल, तर त्याने केलेला 2 चा फरक कुणीतरी भरून काढायला हवा. मदतनीस 1 चा फरक करतो, 3 घरांचा साथीदारही 1 चा. म्हणून टी बरोबर हे दोघं, योग्य रंगावर, आणि बाकीचे तीन सरळमार्गी चौघरी: 4 अधिक 3 अधिक 1 अधिक 12 बरोबर 20. अर्थात रंगांचा ताळा ही अट आवश्यक आहे, पुरेशी नाही. ताळा जमूनही आकार अडू शकतात, तिथे कागदच घ्यावा लागतो. पण रंग जमले नाहीत तर कागद घेऊच नका.

कोमाचे आकार मी चौकटीच्या वहीवर काढून ठेवलेत, कातकानातल्या नावांसकट, शेजारी देवनागरी. 41 पैकी 26 मालिकांचे झालेत. मी यंदा पास आउट होतोय. उरलेल्या 15 साठी सेकंड इयरमधला कुणीतरी हवा आहे, शक्यतो अक्षर बरं असलेला.