सपाट लांकूड लेथवर कसें बसवावें?

लाटणें लेथवर कांतणें विद्यार्थ्यांस सोपें वाटतें. कारण लांब लांकूड दोन टोंकांमध्यें धरलें म्हणजे स्थिर राहतें. परंतु ताटली कांतावयाची म्हटली कीं अडचण येते. रुंद, सपाट लांकूड बहुधा पाठीकडूनच धरावें लागतें. तें कसें धरावें, हें येथें पाहूं.

समजा, ८ इंच व्यासाची व १॥ इंच जाडीची सागवानी ताटली करावयाची आहे. प्रथम चौरस तुकड्याची एक बाजू रंध्यानें अगदीं सपाट करावी. कर्ण काढून मध्य शोधावा, कंपासानें वर्तुळ आंखावें व कोपरे करवतीनें कापावे. मग फेसप्लेट, म्हणजे लेथच्या दांड्यावर बसणारी लोखंडी चकती, बरोबर मध्यावर ठेवून स्क्रूंनीं आवळावी. पाठ सपाट नसेल, तर स्क्रू कितीही आवळले तरी लांकूड डुगडुगतें.

स्क्रू किती लांब असावे? एकदां आमच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें बूड अर्धा इंच राखावयाचें ठरविलें; पण स्क्रू पाऊण इंच आंत शिरले होते! कोरतां कोरतां हत्यार स्क्रूच्या टोंकावर आदळलें, धार तुटली आणि तीन आठवड्यांचे श्रम वायां गेले. मुलगा रडकुंडीस आला. खरें पाहतां चूक कांततांना झालीच नव्हती. ती लांकूड बसवितांनाच झाली होती, आणि स्क्रू मोजून न पाहणारे आम्हीही तींत वांटेकरी होतों.

बुडास भोंकें नको असल्यास फेसप्लेटवर आधीं एक टाकाऊ फळी बसवावी व ती लेथवरच सपाट करावी. तिच्यावर, मध्यें कागद घालून, ताटलीचें लांकूड सरसानें चिकटवावें आणि रात्रभर आवळून ठेवावें. काम संपल्यावर सांध्यांत पटाशी धरून हलकेच ठोकलें कीं कागद दुभंगून ताटली सुटते. मात्र असा सांधा हलक्या हातानेंच कांतावा.

आतां वेगाविषयीं. ही ताटली मिनिटास ६०० फेरे घेते तेव्हां तिची कड सुमारें १२५० फूट धांवते. म्हणून प्रथम लांकूड हातानें फिरवून पाहावें, आरंभ मंद गतीनें करावा, आणि उभें राहावें तें समोर नव्हे, बाजूस.

पालकांस एक विनंती. मुलानें केलेली ताटली घरीं आली म्हणजे ती उलटीही करून पाहावी. वरची झिलई सर्वांस दिसते. मुलाची खरी दक्षता पाठीकडे दिसते.