पाण्याचाही हिशेब मागा



वजनात दहा किलोचा फरक पडला तरी आपण गट कार्यालयात येऊन आम्हाला फैलावर घेता, आणि ते बरोबरच आहे. पण कारखान्याने वर्षभरात पाणी किती वापरले, हे कोणी विचारल्याचे आम्हाला आठवत नाही.

वास्तविक पाण्याबद्दल जाब विचारणे मावळला नवे नाही. लोणावळा, वळवण, शिरवता ही तळी टाटांची. १९१५ पासून त्यांचे पाणी घाट उतरून खोपोलीत वीज करते आणि पुढे कोकणात जाते. पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरला द्रुतगती मार्गावर माणसे उतरली. गोळीबारात तिघे गेले, त्यात एक बाई होती. सरकार झाले, कंपनी झाली. राहिला आपला कारखाना, आणि त्याचे मालक तर आपणच!

आता थोडे गणित. एक टन उसात सुमारे ७०० लिटर पाणी असते. रस आटवताना त्याची वाफ होते, ती थंड केली की पुन्हा पाणी. म्हणजे नीट चाललेल्या कारखान्याचे बरेचसे काम उसाबरोबर आलेल्या पाण्यावरच भागते. गाळप तेवढेच आणि नदीतला उपसा मात्र वाढता, तर कुठेतरी पाणी वाया जाते आहे असे समजा.

हे कळायचे कसे? पर्यावरण संरक्षण नियमांत 'नमुना ५' आहे. ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचे हे विवरणपत्र कारखान्याने ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायचे असते. मालाच्या नगामागे (आपल्याकडे टन साखरेमागे) पाणी किती लागले, आदल्या वर्षी किती, सांडपाण्यातून काय गेले, हे त्यात लिहावे लागते. आपली वार्षिक सर्वसाधारण सभाही ३० सप्टेंबरच्या आतच! शेअर बाजारातल्या पहिल्या १००० कंपन्यांना असा हिशेब २०२२-२३ पासून जाहीर करावाच लागतो. सहकारी कारखाना त्यात येत नाही. म्हणून नमुना ५ ताळेबंदाशेजारी छापावा, असा ठराव सभासदांनीच मांडायला हवा. आम्ही कारखान्याचे नोकर, तरी हे लिहितो.

मग आम्हीही उलट विचारू, तुमच्या सरीत रात्रभर मोटार का चालते? त्याची तयारी ठेवा.

नमुना वाचताना अडचण आली तर गट कार्यालयात या. सोबत डबा आणा, वेळ लागेल.

— ऊस विकास अधिकारी